बाळासोची म्हैस आणि सोमूकाकांचा बर्फ

कृष्णातला आयुष्यात दोनच गोष्टी सहन व्हायच्या नाहीत. एक ऑफसाइड आणि दुसरे सोमूकाका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं लेथ मशीनवरचं काम सांभाळून तो रोज सकाळी पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. फुकट. पोरांनी ‘कोच, कोच’ करत मागं फिरावं, एवढीच त्याची कमाई. स्वतःचा पोरगा राजवर्धन गोलकीपर. कुणाचा गुडघा फुटला की कृष्णात मैदानातलीच माती त्यावर चोळायचा आणि गरजायचा, “पळ! मेला न्हाईस!”

नव्याण्णव साली गडहिंग्लजहून सोमशेखर, म्हणजे पोरांचे सोमूकाका, आले. पेठेत औषधाचं दुकान टाकलं, मुलाला, संगमेशला, संघात घातलं आणि स्वतःही रोज मैदानावर यायला लागले. हातात थर्मास, त्यात बर्फ. पडलेल्या पोराला ते मैदानाकडेच्या कडुलिंबाच्या सावलीत बसवायचे, जखम धुवायचे, पट्टी बांधायचे. महिनाभरात पोरं पडली की कोचकडं बघायच्या आधी लिंबाकडं बघायला लागली. काही कार्टी बर्फ चोखायला मिळतो म्हणून मुद्दाम पडतात, असं कृष्णातचं पक्कं मत होतं.

घरी जेवताना राजवर्धन म्हणाला, “पप्पा, सोमूकाका म्हणत्यात, पळायच्या आधी अंग गरम करायला पायजे.”

कृष्णातचं अंग तिथंच गरम झालं.

“चांगलंच सांगतोय की माणूस,” त्याची बायको वर्षाराणी भाकरी वाढत म्हणाली.

“तू बी त्याच्याच पार्टीत व्हय?”

मे महिन्यात शेजारच्या पेठेशी सामना ठरला. थर्मासाला तोड काय काढावी, या विचारात कृष्णातला झोप लागेना. शेवटी त्यानं बाळासो गवळ्याला गाठलं. सामन्याच्या दिवशी दुपारी चारला बाळासोची म्हैस मैदानाच्या कडेला हजर. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळलेला ग्लास पोराच्या हातात द्यायचा.

“अण्णा, खेळायच्या तोंडावर एवढं दूध नको. ऊन लई हाय,” सोमशेखर म्हणाले.

“पावणं, कोल्हापूरचं दूध हाय हे. तुमच्या बर्फानं पोरं थंड पडली, ती आता पेटत्यात का न्हाय बघा.”

प्रत्येकाला दोन-दोन ग्लास. संगमेशला तीन.

पहिल्या दहा मिनिटांत पोरं पेटली नाहीत, फुगली. संगमेश कॉर्नरच्या झेंड्याला धरून ओकला. बाकीचे पोटं धरून चालायला लागले. गोलात राजवर्धन पार कमरेत वाकला होता.

“अण्णा, बाहेर घ्या पोरांस्नी.”

“गप बसा की वो!”

तेवढ्यात राजवर्धननं मान वर केली. कृष्णातनं हात हलवला. पोरगं त्याच्याकडं बघतच नव्हतं. ते लिंबाकडं बघत होतं. कृष्णातच्या काळजात कुणीतरी लेथ सुरू केला. आणि पोरगं मटकन खाली बसलं.

मग कृष्णात धावला. रेफरी ओरडला, पब्लिक ओरडलं, सामना गेला तर गेला. पोराला उचलून तो स्वतःची खुर्ची ओलांडून थेट सावलीत आला. “पावणं, बघा की वो जरा,” म्हणत त्यानं पोराला सोमशेखरच्या पुढ्यात ठेवलं.

सोमशेखरनी पोराच्या मानेवर ओला रुमाल ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं राजवर्धनच्या तोंडावर रंग आला. भोवती पब्लिक जमलं. “काय झालं वो?”

“ऊन लागलंय,” सोमशेखर शांतपणे म्हणाले.

कृष्णात आणखीच जळाला. बर्फ याचा, पट्टी याची, आता मोठं मनही यालाच? एवढं सगळं एकट्याला जाऊ देणं त्याच्यानं होईना.

“ऊन कसलं!” तो ओरडला. “म्या दूध पाजलं! हे नको म्हनत हुते!”

पुढच्या रविवारी पोरं मैदानावर आली तर कोच आधीच लिंबाखाली. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी, पाणी रस्ताभर ठिबकत आलेलं. सोमशेखर थर्मास उघडायला लागले तसा कृष्णातनं हात आडवा घातला.

“ते ऱ्हाऊ द्या पावणं. त्यात काय मावतंय?” मग आवाज बारीक करून, “पट्टी कशी बांधायची, तेवढं दावा.”