धाकटा भाऊ उठेपर्यंत

अक्का घाबरली की तिचा स्वतःचा आवाज नाहीसा व्हायचा. बोलणं बंद नाही हो, उलट जास्तच. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. कधी म्हातारी राणी, कधी चेटकीण, कधी तोतरा विदूषक. एग्मोर स्टेशनवर आम्ही तिला आणायला गेलो तेव्हा ती हमालावर राणीच्या आवाजात कडाडत होती, "माझ्या माणसांना आडवं-तिडवं धरशील तर खबरदार!" हमाल बिचारा पेटी खाली ठेवून हात जोडून उभा. पेटीतली माणसं म्हणजे चामड्याच्या बाहुल्या.

पडद्यामागे दिवा लावून सावल्यांचा खेळ करणारं ते जोडपं. नवरा बाहुल्या नाचवायचा आणि बाप्यांचे आवाज काढायचा; बायका, पोरं, पक्षी, सगळं अक्काकडे. त्या वर्षी मद्रासला, तेव्हा मद्रासच म्हणत, बाहुल्यांच्या खेळांचा महोत्सव भरणार होता. संध्याकाळी खेळ आणि सकाळी शाळामास्तरांना बाहुल्या करायला शिकवायचे वर्ग. महोत्सवाचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या ह्यांचे गिंडीच्या कारखान्यातले साहेब. ते म्हणाले, "राव, ही माणसं घरात मराठी बोलतात म्हणे. तुम्हीही मराठी. ठेवून घ्या." साहेबांना नाही कोण म्हणणार! नुंगंबाक्कमला आमच्या घरामागं एक पत्र्याची शेड होती, ती झाडून दिली.

आता आमची मराठी तंजावरची, जुनी, सोवळ्यातली. तिची गावोगाव पाल टाकत फिरलेली. पहिल्या दिवशी तर आम्ही एकमेकींशी तमिळच बोललो. सासूबाईंनी तिचा लोटा वेगळा काढून ठेवला होता, तो शेवटपर्यंत वेगळाच राहिला, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्याच दिवशी सासूबाई स्वतः शेडच्या दाराशी पाट टाकून बसल्या आणि अक्काला म्हणाल्या, "ती चेटकीण बोल की ग पुन्हा." मला ती तंगच्ची म्हणायची, धाकटी बहीण.

सकाळी उठल्या-उठल्या तिचा पहिला प्रश्न, "तंगच्ची, तार आली का?" दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं काम टाकून फाटकाशी. तिची एकुलती एक लेक, वळ्ळी, कुंभकोणमच्या बाजूला एका खेड्यात पहिल्या बाळंतपणाला टेकली होती. जवळ फक्त एक म्हातारी आत्या. नवऱ्यानं महोत्सवाला शब्द दिलेला आणि अक्काशिवाय खेळ म्हणजे मुक्या बायकांचा खेळ. "मी हितं राण्यांची बाळंतपणं करते," ती म्हणायची, "आणि माझी पोर तिकडं." लगेच विदूषकाचा आवाज लावून, "त-त-तार येणार, मुलगा होणार, पा-पायसम् करा!" मी हसायची. तिचे हात मात्र पदराचं टोक पिळत असायचे.

वर्गात मी सोबत म्हणून तिच्याशेजारी बसायची. एका मास्तरीणबाईंनी विचारलं, बाहुलीला इतकी बारीक भोकं कशासाठी पाडायची? अक्का म्हणाली, "न्हाई पाडली तर दागिने दिसणार कसे? भोकातनं उजेड येतो, तेच आमचं सोनं." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग अक्का माझ्या कानाशी लागली, "ह्यांना विचार, ह्यांच्यात पहिलटकरणीला किती दिवस उशीर झाला तर चालतो?"

तिच्या जिवाला खरा घोर लागला तो छापील कार्यक्रम हातात पडल्यावर. त्यांना एक तास मिळाला होता आणि खेळ ठरला होता सात भावांचा. दुष्काळात पाणी आणायला सात भाऊ रानातल्या तळ्यावर जातात, तळ्यातल्या नागाच्या फुंकरीनं एकामागून एक पडतात. त्यांची बहीण मुळी शोधून आणते आणि एकेकाच्या कपाळाला लावून उठवते, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. गावाकडं हा खेळ रात्रभर चाले. आणि त्यांच्यात रीत अशी, की पडद्यावर कुणी पडलेलं असताना दिवा मालवायचा नाही. मालवला तर घरात तसंच कुणीतरी पडून राहतं.

"तासात सात जण कसे उठायचे?" ती नवऱ्यावर बरसली. "कबूल करताना तोंड कुठं गेलं होतं?"

"बहिणीचं रडणं काढून टाक," तो म्हणाला. "तेवढाच वेळ वाचेल."

"रडल्याबिगर मुळी लागू पडेल का?"

दोन दिवस आमच्या पडवीत ती भाऊ उठवत होती. चादरीचा पडदा, माझ्यासमोर घरातलं गजराचं घड्याळ. कधी पाचव्यापाशीच तास संपे, कधी सहाव्यापाशी. शेवटी कसाबसा धाकटा उठला तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "टाळ्या नको आजी, टाळ्यांत बी वेळ जातो."

आणि झालं तसंच. शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी! विदूषकाच्या एकेका बोलण्यावर लोक हसायचे, ते थांबेपर्यंत नवऱ्याला थांबावं लागे, आणि हसं मिळालं की तोही गडी फुलायचा, चार जादा कोट्या करायचा. मी पडद्याआड अक्काच्या मागं बसले होते. ती त्याच्या गुडघ्याला चिमटे काढत होती. सातही भाऊ पडले, बहिणीनं मुळीसाठी पाऊल उचललं आणि घंटा वाजली. हॉलचे दिवे लागले. पडदा पांढराफटक, सावल्या पुसल्यासारख्या गेल्या. लोक उठायला लागले.

अक्का उठली नाही. साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवत आत आले. "काय झालं हिला? मानधनाबद्दल काही आहे का?"

मी तमिळमध्ये म्हटलं, "साहेब, सात जण पडलेले आहेत. त्यांना उठवल्याशिवाय ती उठणार नाही. तिची मुलगी गावी बाळंतपणाला टेकलीय."

त्यांनी पुन्हा घड्याळाकडं बोट नेलं. तेवढ्यात पुढचा खेळ ज्यांचा, ते केरळचे म्हातारबाबा आपली पेटी घेऊन पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांना ना मराठी कळत होती, ना मी काय म्हणाले ते पुरतं कळलं. त्यांनी नुसतं पडद्याखाली आडव्या पडलेल्या बाहुल्यांकडं पाहिलं, पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. साहेबांना हातानंच खूण केली, मालवा ते दिवे.

हॉलचे दिवे मालवले. अक्कानं रडणं गाळलं नाही. थोरला उठला, दुसरा, तिसरा. लोक परत खाली बसले. सहावा उठतोय तोच पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना गाडी गाठायची होती म्हणून कुणीतरी बटण दाबलं. पुन्हा लख्ख उजेड, टाळ्या, हार. धाकटा तसाच.

अक्कानं त्याला उचलून पडद्यासमोर उभं धरलं, कपाळाला मुळी लावली. पण उजेडात सावली कुठली पडायला? "उठला ना ग?" तिनं मला विचारलं. नवरा म्हणाला, "उठला, उठला, चल." ती म्हणाली, "बाहुली उठली. सावली उठली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते गेले. तार आलीच नव्हती. पुढं बरेच दिवस पोस्टमन फाटकाशी थांबला की मी आणि सासूबाई दोघीही बाहेर यायचो.

पुढच्या वर्षी महोत्सव पुन्हा भरला. मी एग्मोरला गेले. अक्का उतरली, मागून एक फिकट, उंच मुलगी उतरली. वळ्ळी! मला इतका आनंद झाला, म्हटलं, "आणि बाळ? कुणाकडं ठेवलं?"

वळ्ळी पेटीची दोरी आवळायला वळली. अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "धाकटा राहिला होता न्हवं, तंगच्ची."

"अक्का, असं नसतं ग," मी म्हटलं. "खेळाचा आणि त्याचा काय संबंध?"

"नसेल," ती म्हणाली. "तू शिकलेली. नसेल." मी कसली शिकलेली, घरीच जोडाक्षरं लावत वाचायला शिकले.

याही वेळी तासच होता आणि खेळही तोच. संध्याकाळी पडद्याआड नवरा-बायकोची कुजबुज ऐकू आली. तो म्हणत होता, "आजोबा-पणजोबांपासून थोरल्यापासनं उठवतात. तू कोण क्रम बदलणार?" मी या वेळी समोर, लोकांत बसले होते. भाऊ पडले. बहीण मुळी घेऊन आली, थोरल्याच्या अंगावरून पुढं गेली, सगळ्यांच्या अंगांवरून पुढं गेली आणि शेवटच्या लहान सावलीपाशी बसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं असेल, नसेल, माझं लक्ष नव्हतं.

धाकटा हलला. हात टेकून उठून बसला. पण आता त्याच्या तोंडी बोलणंच नव्हतं. जुन्या खेळात तो उठतो तेव्हा सगळे भाऊ उभे असतात, तो फक्त त्यांच्या पाया पडतो. इथं तर सारे आडवे. मग आतून एक आवाज आला, नवखा, कापरा, अक्काचा नव्हे, वळ्ळीचा:

"अम्मा, मला तहान लागलीय."