बोअरातली मंडळी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सातवीनंतर शाळा सुटलेली मी, पिंपळनेरकडची. लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याजवळच्या एका गावात आले. माहेर म्हणजे धुळ्याला गाडी बदलून अख्खा दिवस. सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, दोन बोअर आधी कोरडे गेले होते. लग्नानंतर महिन्याभरात तिसऱ्याला पाणी लागलं, तेही पार खोल, काळ्या खडकाखाली. आबा गावभर सांगत सुटले, "सूनना पायगुण!" सगळे हसले. मी मात्र धास्तावले. पायगुण चांगला ठरतो तसा वाईटही ठरतो.

आठ दिवसांतच हंड्यावर बांधलेल्या फडक्यात काहीतरी वळवळलं. तांदळाच्या कणीएवढं, पांढरंफटक, नुसते पायच पाय. डोळे कुठेच नाहीत. पाण्यात किडे निघाले म्हटल्यावर माझ्या पायगुणाचं काय होणार? मी फडकं दुहेरी केलं आणि रोज सकाळी कोणाचं लक्ष नाही बघून ते जीव वाटीतून बोअरच्या पाइपात परत ओतू लागले. मारायला हात होईना.

पाचव्या दिवशी मागे आबा उभे. "काय लपाडी ऱ्हायनी वं पोरी?"

रडत रडत सगळं सांगितलं. आबा वाटी झाकून थेट शेजारच्या गुरुजींकडे गेले. मी त्यांच्या दारामागे, कान लावून.

गुरुजींनी भिंग लावलं. "आबा, ही मंडळी खडकाच्या फटीत राहणारी. ऊन कधी पाहिलंच नाही, मग डोळे कशाला हवेत? खायलाही तिथे फारसं काही नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. पाण्यात विष असतं तर हीच आधी मेली असती. गाळून, उकळून खुशाल प्या."

आबा हसतच घरी आले. सासूबाईंना म्हणाले, "सूनना पायगुण देख! बिनडोयाना पाहुणा भी जित्ता वर उनात."

सासूबाईंनी लगेच सुनावलं, "आनि तुमले डोया राहीसन पाच दिन दिखनं नही!"

त्यानंतर रोज सकाळी मी चुलीकडे वळले, की आबा ओट्यावरून ओरडायचे, "आधी त्यास्ले घर पोचाडी ये, मंग चहा!"

पंधरा दिवसांनी मला माहेरी पोचवायलाही तेच आले, कुणी न सांगता. धुळ्याच्या स्टँडवर पिशवीतून बाटली काढून दाखवली. बोअरचं पाणी, व्याह्यांना चाखायला.

गाळलंय ना, त्यातलं कोणी चुकून आत राहिलं नाही ना, असं मी दोनदा विचारलं.