मग मला एकटीलाच कसं?

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. हदगावकडची, पन्नाशीची. बोलता बोलता तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने पदराने वारा घेतला आणि बोलणं चालूच ठेवलं.

"वर्षभर जुलाब. लोक म्हणले, टँकरच्या पाण्यानं. तोंड लाल होतंय ते उन्हानं. मी म्हणलं, सगळं घर तेच पाणी पिऊन राहिलंय, मग मला एकटीलाच कसं?" हा प्रश्न तिने सोडला नाही. शेवटी आतड्यात हार्मोन सोडणारी गाठ सापडली.

माझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. "म्हणजे दोघींचं एकच," मी म्हणाले.

"न्हाई ताई. तुमची हार्मोनच्या ग्रंथीतच झाली. माझी न्यूरोएंडोक्राइन. तसल्या पेशी आतड्यात, फुप्फुसात, कुठंकुठं विखुरलेल्या असतात. मज्जातंतूचा निरोप घेतात आन् हार्मोन सोडतात. माझी गाठ तेच भलतं जास्त सोडती, म्हणून जुलाब आन् तोंड लाल. समजेपर्यंत डॉक्टरला उठू दिलं न्हाई."

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती. पण कशासंग भांडायचं ते आता ठाऊक हाय."

तिला इंजेक्शनसाठी बोलावलं. ती ताठ चालत गेली. मी मात्र गाठीत सुई घालून करायच्या तपासणीला भिऊन घरी परतायच्या विचारात होते. ती गेल्यावर उठले, डॉक्टरांच्या दारात उभी राहिले आणि पहिल्यांदाच विचारलं, "माझी गाठ नेमकी कसली आहे?"