रिसालीचे पिल्लंवाले काका

रिसालीतले ते काका आणि मी, दोघंही कुत्र्यांची पिल्लं विकतो. गिऱ्हाईक मात्र आधी त्यांच्याकडे जातं, आणि ते मला खुपतं. काका रोज प्रत्येक पिल्लाचे कान हुंगतात; वास आला तर कानात काही बिघाड आहे हे त्यांना कळतं. घेणाऱ्याचं घर पाहिल्याशिवाय पिल्लू देत नाहीत.

विक्रेत्यांवर नोंदणी आणि तपासणीची सक्ती येणार असं कळलं, तेव्हा मी चिडून त्यांच्याकडे गेलो.

"काका, आम्ही विरोधाचा अर्ज देऊन राहिलो. सही करा."

"कावून? येऊ दे नं तपासाले." मग हळूच म्हणाले, "तुझी राणी लई थकली. आता तिले पिल्लं नको होऊ देऊ."

माझी कुत्री त्यांनी एकदाच पाहिली होती.

मी त्यांचं ऐकलं. पण तिचा थकवा मला आधी दिसला नाही, म्हणून त्यांच्यावरच अजून जळतो.