एका टोपलीचा पश्चात्ताप

अर्जुनीच्या स्टेशनावर मला न्यायला हत्ती येईल, असे निमंत्रणात लिहिले होते. आला तो छकडा, आणि तोही नुकताच कोंडा उतरवून रिकामा झालेला. नागपूरहून गोंदिया आणि तिथून छोट्या रुळांच्या गाडीने अर्जुनी असा प्रवास करून मी आधीच कोळशाने काळवंडलो होतो. आता त्यावर कोंडा चढला.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा विषय म्हणजे रोमचे साम्राज्य मोडकळीला आले तेव्हाचे आणि त्यानंतरच्या काही शतकांतले ख्रिस्ती धर्मपंडित. राजा कायद्याच्या वर की खाली, यावर या बिशप मंडळींनी भल्याभल्या राजांचे कान उपटले आहेत. मला आपल्या दरबारात बोलायला बोलावणाऱ्या मालगुजारसाहेबांच्या (गावच्या जुन्या जमीनदारांच्या) कानावर मात्र माझे अर्धेच व्याख्यान गेले होते. राजाला देव नेमतो, एवढेच. म्हणून देवाचा कायदा आधी त्यालाच लागू, हा भाग वाटेत कुठेतरी सांडला होता.

छकडा हाकणारा दुधराम हा कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीतला शेतकरी होता. साहेबांनी त्याची गाडी फुकट धरून आणली होती. वाटेत तलाव लागला. पाणी कमळांनी झाकलेले, पलीकडे सागाचे रान. मी बघतच राहिलो.

"तलाव कोणाचा रे?"

"खोदला आमच्या आज्यानं, नाव साहेबाचं."

"पण मालगुजारी तर सरकारने काढून घेतली ना?"

"मालगुजारी नेली जी. मालगुजार इथंच ठेवला."

मग त्याने गावाची रीत सांगितली. उन्हाळ्यात प्रत्येक घराने पाळीवर (तलावाच्या बांधावर) माती टाकायची. आश्विनात तुडूम (पाणी सोडायचे दार) उघडले की पाणी आधी शेवटच्या बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) द्यायचे, मग वर वर यायचे. ज्या घराने माती टाकली नाही, त्याला पाणी सर्वांत शेवटी. यंदा साहेबांच्या घरचा एकही माणूस पाळीवर फिरकला नव्हता, आणि आज दरबार संपताच तुडूम त्यांच्या उसासाठी उघडायचे ठरले होते.

"माझी बांधी शेवटची. लोंबी निघून राहिली. आता पाणी नाही भेटलं, त् नुसती तणस कापीन," दुधराम म्हणाला. तणस म्हणजे दाण्यावाचूनचा पेंढा. "तुमी शिकलेले लोक अशा माणसाकडं जेवाले कायले येता जी?"

मी अंगावरचा कोंडा झटकू लागलो. वाड्यावर जेवलो मात्र भरपूर. चिन्नोर तांदळाचा भात आणि तलावातली मासळी अशी फक्कड होती की मला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या प्रहरी पाळीवर दरबार भरला. साहेब खुर्चीत, गाव जमिनीवर. मी उभा राहिलो आणि रोमच्या एका सम्राटाची गोष्ट सांगितली. त्याच्या सैनिकांनी एका शहरात कत्तल केली. तेव्हा एका बिशपाने कळवले, पश्चात्ताप केल्याशिवाय तुला देवळात जागा नाही. जगाच्या त्या धन्याने राजवस्त्रे उतरवली आणि सामान्य पाप्यांच्या रांगेत उभा राहून तो रडला.

"वाह प्रोफेसरसाब!" साहेब डोळे पुसत उठले. त्यांनी फेटा उतरवला, झेंडूने सजवलेली टोपली मागवली, तीतली माती पाळीवर ओतली आणि फोटोवाल्याकडे बघून हात जोडले. "लो, हम भी रांगेत आलो! झाला पश्चात्ताप. आता उघडा तुडूम. पहले ऊस!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सम्राटाचे रडणे खरे की देखावा, यावर पंडित अजून भांडतात. मी नेहमी खरे मानणाऱ्यांच्या बाजूने बोललो. आणि इथे माझ्याच व्याख्यानाचा झेंडू लावून एका माणसाच्या तोंडचा घास काढला जात होता!

"थांबा!" मी ओरडलो. "तो सम्राट कित्येक महिने देवळाबाहेर राहिला होता! फेटा काढला की लगेच पंगतीत, असे त्या बिशपाने केले नाही!"

मग मागून दुधरामचा आवाज आला, "मंग तुमीबी बाहेर राहा ना जी, साहेब. महिने कायले? आमच्या बांध्या भिजल्या का मंग या तुमी."

कोणीतरी फिस्सकन हसले. बायका उठल्या आणि उसाकडे जाणाऱ्या पाटातच ठाण मांडून बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "फोटोवाल्या, आता काढ!" साहेबांनी फेटा उचलला, जेवणाचे पैसे मागावेत तसे माझ्याकडे पाहिले, आणि ते वाड्याकडे चालू लागले. तुडूम उघडले ते शेवटच्या बांध्यांसाठी.

परतीला छकडा मिळाला नाही. "बैल सोडले जी, पाणी घेऊन राहिलो," दुधराम फावडे न थांबवता म्हणाला. आभार वगैरे काही नाही. मी पायीच निघालो.

नागपूरला आल्यावर आमच्या एका विद्वान मित्राने मला झापले. विद्येच्या व्यासपीठावरून गावकी करायची नसते म्हणे. आणि पुढे विचारले, बिशपांच्या लिखाणाने कोणत्याही सत्ताधाऱ्याला कधी लगाम बसला, याला पुरावा काय? अरे, त्या बिशपांनी लिहिले कोणासाठी? तुमच्या तळटिपांसाठी? पुरावाच हवा असेल तर ऐका. स्टेशनाची पायवाट दुधरामच्या बांधीतून जाते. त्या संध्याकाळी मला धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यावे लागले.