मीटर बंद नव्हता

मुलुंडच्या आमच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढी जागा आईची होती. आई गेल्यावर ती आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देऊ लागलो. गेल्या खेपेला दोन तरुण आले. एक परभणीकडचा, जवळच्याच लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारा. दुसरा त्याचा मित्र, एका गोदामात कामाला. भाडं साडेएकोणीस हजार, दोघांत निम्मं-निम्मं.

गॅस पाइपचा आहे आणि बिल माझ्या नावावर दोन महिन्यांनी येतं. त्याआधी लॅबवाला मुलगा मीटरचा फोटो मला पाठवायचा. दोघांचे मिळून चौदा युनिट व्हायचे, कधी साडेतेरा. मग एका बिलाला सहा झाले. मुलगा जिन्यात भेटला तेव्हा मी म्हणालो, "शाबास. सहा युनिट. आमच्या घरात हे कुणाला जमत नाही."

"हो काका," म्हणाला आणि उतरून गेला.

पुढच्या बिलाला दोन आले. दोन युनिटमध्ये दोन माणसांचा दोन महिने स्वयंपाक होत नाही. मी हिशेब केला आणि मीटर अडकला असणार असं ठरवलं. पुढे कंपनीने सरासरी काढून एकदम बिल पाठवलं असतं, म्हणून रविवारी सकाळी टॉर्च घेऊन वर गेलो.

मुलाने दार उघडलं. मी त्याला शेगडी पेटवायला सांगितली आणि मीटरवर टॉर्च धरला. शेवटचा आकडा हळूहळू सरकत होता.

"चालतोय की, काका."

"मग दोनच युनिट कसे?"

त्याने शेगडी बंद केली. मी मागे वळलो तर खोलीत एकच गादी होती. ओट्यावर चहाचं पातेलं आणि बिस्किटांचा पुडा. कुकर वरच्या फळीवर पालथा घातलेला.

"दुसरा कुठाय?"

"त्याचं लग्न झालं. बदलापूरला गेला. चार महिने झाले."

"चार महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कलम सात, काका."

कलम सात मी स्वतः घातलेलं होतं. दलालाच्या मसुद्यात ते नव्हतं. आधीच्या भाडेकरूंनी न विचारता माणसं बदलली होती, म्हणून मी लिहिलं: एक जण सोडून गेला तर नवा करार, भाडं दहा टक्क्यांनी जास्त, दलाली आणि नोंदणीचा खर्च राहणाऱ्याने करायचा. मला ते चोख वाटलं होतं.

"लॅबमधला एक जण यायला तयार आहे," तो म्हणाला. "पण त्याला आणायचं तर तुम्हाला सांगावं लागणार. सांगितलं की एकवीस हजार चारशे पन्नास, वर दलाली आणि नोंदणी, तीही एकरकमी; तेवढे हातात कधीच नव्हते. म्हटलं, अकरा महिने कसेतरी काढू. तीन आठवडे राहिलेत."

"आणि मग?"

"मग सोडणार. नव्या कराराला पुन्हा तेवढेच लागणार. सकाळची पाळी साडेपाचला सुरू होते. लांबून जमणार नाही. दुसरं काम बघेन, नाहीतर घरी जाईन."

मी गादीवरच बसलो आणि त्याला पगार विचारला. हातात सव्वीस हजार चारशे. पूर्ण भाडं तोच भरत होता आणि माझ्याकडे ते एक तारखेला यायचं, एकदाही उशीर नाही. उरले सहा हजार नऊशे. तीन हजार घरी, वडिलांच्या औषधांना. वीज पाचशे, फोन आणि येणं-जाणं सातशे. राहतात सत्तावीसशे, म्हणजे दिवसाला नव्वद रुपये.

"जेवतोस काय?"

"दुपारी लॅबच्या खाली राइस प्लेट, साठ रुपये. रात्री वडापाव. भागतं, काका."

दोघांचे चौदा, तर एकाचे सात व्हायला हवेत, हे गणित मी वर जातानाच करायला हवं होतं. सहा आले तेव्हा माणूस गेला होता. दोन आले तेव्हा जेवण गेलं होतं. आणि मी शाबासकी दिली होती.

खाली येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुम्ही प्रत्येक भाडेकरूला ती घाटकोपरच्या खाटेची गोष्ट सांगता ना?" ती म्हणाली. "ती जरा पुन्हा सांगा. आकड्यांसकट."

लग्नाआधी मी घाटकोपरला एका घरात खाट भाड्याने घेऊन राहायचो. पगार अठराशे, खाटेचे तीनशे. त्यात दोन वेळा खानावळीत जेवून मी पैसे शिल्लक टाकले, हे मी तरुणांना काटकसरीचं उदाहरण म्हणून सांगत आलो. तीनशे म्हणजे पगाराचा सहावा हिस्सा होता, हे मात्र कधी सांगितलं नाही. मलाही ते त्या दिवशीच दिसलं. याचं भाडं पगाराच्या पाऊण हिश्श्याच्या जवळ जात होतं.

संध्याकाळी त्याला खाली बोलावलं आणि लॅबमधल्या मित्राला घेऊन ये म्हणालो. नवा करार दलालाशिवाय, भाडं तेच, नोंदणीचा खर्च निम्मा माझा. मसुदा मी स्वतः टाइप केला. मुलाने तो बसून ओळ न ओळ वाचला.

"काका, सातवं कलम राहिलं. सहानंतर एकदम आठ आलंय."

"राहिलं नाही. काढलं. आकडे सुधारायचे राहिले."

"बघा हं. नाहीतर त्या जागी मीच एखादं कलम टाकीन," तो म्हणाला. मित्र हसला.

निम्मं भाडं नऊ हजार सातशे पन्नास, म्हणजे अजूनही पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्तच. सोसायटीत तशाच खोलीचे हल्ली तेवीस हजार मागतात. पुढच्या अकरा महिन्यांनी मी काय करीन, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मीटरचा फोटो आला. वजाबाकी केली, तेरा युनिट. बायकोला आकडा सांगितला.

"मग ओरडा जाऊन," ती म्हणाली. "खर्च केवढा वाढलाय त्यांचा."