कांबळे मॅडमच्या टाकीची शिडी

लेथखाली लोखंडाचा कीस कधी साठतो ते कळत नाही बघा. दिवसभर आपण कामात असतो आणि संध्याकाळी झाडू मारायला गेलं की घमेलंभर निघतो! किश्श्यांचंही तसंच. आता एका शिडीवर कुणी एवढं बोलतं का? पण शिवाजी पेठेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही सात-आठ वर्षं एकच शिडी पुन्हा पुन्हा दुरुस्त केली, आणि आज आठवायला बसलं की तीच आधी समोर येते.

आम्ही म्हणजे तिघं. वर्कशॉप बापूंचं, वेल्डिंगही त्यांचंच. लेथवर मी, दत्ता. आणि शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातले महावीर अण्णा. मूळचे गडहिंग्लजचे. गिऱ्हाईक नसलं की मुक्काम आमच्या स्टुलावर.

*

मोबाइल अजून यायचे होते तेव्हाची गोष्ट. कागल रोडला कांबळे मॅडमचं फिजिओथेरपीचं सेंटर होतं. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून पोहायचा तलाव पाठवला. खणायचा नव्हे, जमिनीवर मांडायचा! पाइपांचा गोल सांगाडा, आत जाड निळं प्लॅस्टिक, छातीएवढं पाणी. गुडघे-कंबर धरलेल्यांना त्यात उभं करून मॅडम व्यायाम द्यायच्या. आम्ही त्याला टाकीच म्हणायचो. काठ ओलांडायला दोन्हीकडं पायऱ्या असलेली, तंबूसारखी उभी राहणारी शिडी. वर्षाच्या आत तिची एक पायरी तुटली. तिकडचे पार्ट इथं कुठले मिळायला! मॅडम शिडी टेंपोत घालून आमच्याकडं आल्या.

अण्णांनी शिडीभोवती एक फेरी मारली. "मॅडम, ही चढायची हाय का उतरायची?"

"दोन्ही. अलीकडनं चढायचं, पलीकडं उतरायचं."

"म्हंजे फिरून जमिनीवरच की!"

"व्हय अण्णा," मॅडम हसल्या, "पण मधी पाणी लागतंय."

बापू दिवसभर शिडीची मापं घेत होते. संध्याकाळी शटर ओढता ओढता थांबले आणि म्हणाले, "मधी पाणी लागतंय... चांगलं बोलली बाई!"

*

पहिली पायरी आम्ही लोखंडी पत्र्याची केली. वर झकास निळा रंग. पंधरा दिवसांत रंग उडाला, गंज सुटला आणि टाकीतल्या पाण्याला चहाचा रंग आला! मॅडमनी बोलावून घेतलं. बापू काठाशी मान खाली घालून उभे. "स्टेनलेसची बदलून देतो, मॅडम. चुकलं."

पायरी बदलली, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर सकाळच्या बॅचमधल्या एक मावशी तोंड पाडून पाण्यात उभ्या.

"मॅडम, त्ये लाल औषधाचं पाणी बंद का केलं ओ? गुडघा कसा फुलागत हलका झालता!"

बापूंनी माझ्याकडं बघितलं. "दत्ता, पत्र्याची पायरी फेकू नगंस!"

*

मग एकदा बोल्ट तुटला. त्याचे आटे आपल्याकडच्या कुठल्याच मापात बसेनात. अण्णांनी दुकानातले सगळे खण जमिनीवर उपडे केले. तासभर त्या ढिगात ते आणि मी मांडी घालून बसलेलो. शेवटी तुटका बोल्ट समोर ठेवून मी लेथवर नवीन केला. तिकडचा जुना नट त्याच्या तोंडाला लावला आणि बोटानं नुसता फिरवला. काय सांगू! लोण्यातनं गेल्यासारखा शेवटपर्यंत गेला. आवाज नाही, अडखळणं नाही. आम्ही तिघं आळीपाळीनं तो फिरवत बसलो. बाहेर दुपार सरली तरी कुणाला भान नव्हतं.

अण्णा म्हणाले, "नट परदेशातला, बोल्ट पेठंतला. ओळख न्हाय, पाळख न्हाय, आणि संसार बघा कसा बिनआवाजाचा! एकदा आमच्या घरला घिऊन जातो दोघास्नी."

*

त्यानंतर सगळी शिडीच हलायला लागली. पाय नवे घातले, तिरपे आधार जोडले. पण वजन पेलंल का? बापूंनी तालमीतल्या रंगा पैलवानाला सेंटरवर नेलं. सव्वाशे किलोचा गडी! तो वरच्या पायरीवर उभा राहिला, दोनदा उडी मारली. शिडी हूं नाही की चूं नाही.

"आता पलीकडं उतरा," मॅडम म्हणाल्या.

पैलवानाचा चेहरा उतरला. "मॅडम, मी मातीतला माणूस. पाण्याची लई भीती हाय मला."

बापूंनी हात दिला. डोळे मिटून, एकेक पायरी चाचपत तो उतरला. मॅडमनी त्याच्या डोक्याखाली तळवा धरला आणि त्याला हळूच उताणं केलं. कान पाण्याखाली गेले तसा तो निवांत झाला. वर ढग सरकत होते, खाली हा सरकत होता. पंधरा मिनिटं गेली. बाहेर आल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून परत पाण्याकडंच बघायला लागला.

"काय झालं रं?" बापूंनी विचारलं.

"काय न्हाय बापू. कुणी न पाडता पयल्यांदाच पाठ टेकली!"

*

पुढं एका हिवाळ्यात बापूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन महिने घरात तोंडातून शब्द नाही. मी एकटाच शटर उघडायचो. अण्णा स्टुलावर यायचे आणि लगेच उठून जायचे.

मॅडम म्हणाल्या, "टाकीवर आणा त्यांना." पण शिडीचा कठडा एका बाजूनं चिरलेला, पायऱ्या अरुंद. बापूंना डावा हात तेवढा चालायचा. चढताना तो एका बाजूला येणार, तोंड फिरवून उतरताना दुसऱ्या. म्हणून मी दोन्हीकडं नवे कठडे केले, पायऱ्या रुंद केल्या. वेल्डिंगही मीच केलं. "जोड कच्चा हाय" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक जोड तीन-तीनदा ठोकून बघितला.

बापूंच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, आणि आम्ही धरून त्यांना शिडीपाशी नेलं. बापू थांबले. डाव्या अंगठ्यानं माझा एक जोड दाबून बघितला. मग दुसरा. माझी वर बघायची छाती होईना.

मग त्यांनी कठडा धरला.

उजवा पाय प्रत्येक पायरीवर आम्ही उचलून ठेवत होतो. वर गेले, वळले, उतरले. पाणी छातीला लागलं. मॅडमनी पाण्यात उभं राहून कमरेला धरलं. लाटा काठाला जाऊन विरल्या, पाणी थिजल्यासारखं झालं. आणि दोन महिने लाकडागत लोंबणारा त्यांचा उजवा हात खालून सावकाश वर आला. बोटं उलगडली. हात त्यांच्यासमोर पाण्यावर तरंगत राहिला.

बापू त्याच्याकडं बघत राहिले. वहिनी हलल्या नाहीत, अण्णा हलले नाहीत.

मग स्वतःच्या त्या हाताकडं बघून, आपल्या जुन्या खणखणीत आवाजात बापू म्हणाले,

"या पावणं!"